मुलांचे वर्तन आणि विद्याभ्यास



शाळेतून घरी येणाऱ्या प्रगतिपुस्तकात गुणांच्या रकान्यांखाली शिक्षकांच्या शेऱ्यासाठी एक ओळ राखून ठेवलेली असते. त्या ओळीत, "मुलगा हुशार आहे, परंतु वर्गात स्वस्थ बसत नाही," असे एखादे वाक्य उमटले की घरातील वातावरण पालटते. वडील दुकानातून परतल्यावर विचारपूस होते, आजोबा आपल्या काळच्या छडीची आठवण काढतात, आणि मुलाच्या बाजूने बोलावे की शाळेच्या, या विवंचनेत आई पडते. या साऱ्या गडबडीत एक गोष्ट सर्वांनी गृहीत धरलेली असते. मूल आधी वळणाला लागेल आणि मग अभ्यासाला लागेल. वळण हे मूळ व विद्या हे त्याचे फळ.

हे गृहीतक कितपत खरे आहे, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे. शालेय मानसशास्त्र या ज्ञानशाखेने या प्रश्नाचा विचार केवळ तर्काने केलेला नाही. संशोधक प्रत्यक्ष वर्गात जाऊन बसले, हाती घड्याळ घेतले, आणि कोणते मूल केव्हा उठले, शिक्षिका त्या वेळी काय म्हणाल्या व त्यानंतर काय घडले, याची नोंद मिनिटामिनिटाने केली. हे काम मोठ्या प्रमाणावर प्रथम अमेरिकेत झाले, म्हणून पुढील बहुतेक दाखले तिकडचे आहेत. तेथील शाळा आणि आपली शाळा एक नव्हे, हे ध्यानी ठेवूनच ते ऐकावेत.

या शाखेचा उगम सामान्यतः १८९६ साली मानला जातो. त्या वर्षी फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्राध्यापक लाइटनर विटमर यांच्याकडे एक शिक्षिका चौदा वर्षांच्या एका विद्यार्थ्याला घेऊन आल्या. मुलगा बुद्धीने मंद नव्हता, पण शब्दांचे लेखन त्याला काही केल्या साधत नव्हते. विटमर यांनी तपासले तेव्हा त्याच्या दृष्टीतच दोष आढळला. चष्मा दिला, त्याबरोबर निराळ्या पद्धतीने शिकवणी दिली, आणि मुलात सुधारणा झाली. निष्काळजी म्हणून ज्याच्यावर सहज शिक्का बसला असता, त्याला मुळात अक्षरेच नीट दिसत नव्हती. आजही एखादे मूल फळ्याकडे लक्ष देत नाही अशी तक्रार आली, तर पहिली पायरी डोळे व कान तपासण्याची असावी, हे सांगण्यास मानसशास्त्रज्ञाची गरज नाही. पण ती पायरी वगळली जाते, हेही तितकेच खरे.

आता वर्गाकडे वळू. १९६८ साली वेस्ली बेकर, चार्ल्स मॅडसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी इयत्ता पहिलीच्या एका वर्गाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. वर्गात अठ्ठेचाळीस मुले होती आणि दोन शिक्षिका मिळून तो चालवीत. मुले सतत जागेवरून उठत. दर दहा सेकंदांनी मोजणी केली तर सरासरी तीन मुले उभी असत. शिक्षिका वीस मिनिटांत सुमारे सात वेळा "खाली बस" असे सांगत. संशोधकांनी त्यांना हे सांगणे वाढविण्याची विनंती केली. ते वीस मिनिटांत सत्तावीस वेळांवर गेले. त्यामुळे उभ्या राहणाऱ्या मुलांची संख्या घटावयास हवी होती. प्रत्यक्षात ती चारच्याही वर गेली. आज्ञा पूर्ववत् कमी केल्या, तशी संख्या खाली आली. पुन्हा वाढविल्या, पुन्हा संख्या वाढली. शेवटी शिक्षिकांनी उभ्या मुलांकडे पाहणे सोडले आणि जी मुले बसून काम करीत होती त्यांचे कौतुक करण्यास आरंभ केला. तेव्हा उभ्या मुलांची संख्या दोनच्याही खाली उतरली.

या प्रयोगातील खरी मौज आकड्यांच्या पलीकडे आहे. "खाली बस" म्हटल्यावर मूल खाली बसत होतेच. प्रत्येक वेळी बसत होते. म्हणजे शिक्षिकेच्या दृष्टीने आज्ञा दर खेपेस लागू पडत होती, आणि म्हणूनच ती पुनःपुन्हा दिली जात होती. पण उभे राहिले की बाईंचे लक्ष आपल्याकडे वळते, हा हिशेब मुलांना शिक्षिकेच्या आधी कळला होता. बेकर यांनी या अवस्थेला टीकेचा सापळा म्हटले. ज्या शब्दाने तात्पुरता गुण येतो, त्याच शब्दाने दुखणे वाढते, आणि गुण समोर दिसत असल्याने दुखण्याचे कारण कोणालाच दिसत नाही. हा सापळा शाळेतच असतो असे नव्हे. सायंकाळी पाहुणे आले असता "गप्प बस" हे शब्द एका घरात किती वेळा उच्चारले जातात, हे कोणीही मोजून पाहावे.

त्याच वर्षी याच मंडळींनी आणखी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात तीन मुलांच्या वर्तनावर नियम, दुर्लक्ष आणि प्रशंसा या तीन उपायांचा परिणाम पाहिला होता. नुसते नियम सांगून जवळजवळ काहीच घडले नाही. नियम भिंतीवर लावले, रोज वाचून घेतले, तरी मुले होती तशीच राहिली. गैरवर्तनाकडे दुर्लक्ष आणि सद्वर्तनाची दखल या दोहोंची जोड मिळाली तेव्हाच बदल दिसला. संस्थेच्या सभागृहात, धर्मशाळेत, भोजनगृहात सूचनाफलक लावून निश्चिंत होणाऱ्या आपण मोठ्या माणसांसही हा निष्कर्ष विचारार्ह आहे.

याच सुमारास डेट्रॉइट येथील वेन स्टेट विद्यापीठातील प्राध्यापक जेकब कौनिन निराळ्या वाटेने त्याच प्रश्नापाशी आले. त्यांच्या संशोधनाचा आरंभ एका वर्तमानपत्राने झाला. व्याख्यान चालू असता मागे बसलेला एक विद्यार्थी वर्तमानपत्र उघडून वाचत होता. कौनिन यांनी त्याला ते बाजूस ठेवण्यास सांगितले. त्याने ठेवले. पण ज्यांचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता, ते इतर विद्यार्थीही एकाएकी सावरून बसले, नजरा वह्यांकडे वळल्या, वर्ग चिडीचूप झाला. एकाला बोललेले शब्द दहांवर परिणाम करतात, याचे त्यांना नवल वाटले आणि चांगले रागावणे कोणते व वाईट कोणते, याचा ते शोध घेऊ लागले.

पुढे त्यांनी प्राथमिक वर्गांची चित्रफीत घेऊन ती बारकाईने तपासली. ज्यांचे वर्ग शिस्तबद्ध असतात आणि ज्यांचे वर्ग विस्कळीत असतात, अशा शिक्षकांच्या रागावण्याच्या पद्धतीत त्यांना फारसा फरक आढळला नाही. खोडी झाल्यानंतर शिक्षक काय करतात, यावर फारसे काही अवलंबून नव्हते. फरक होता तो खोडी होण्यापूर्वीच्या वेळेत. चांगल्या शिक्षकांस जणू पाठीलाही डोळे होते. फळ्यावर लिहिताना मागे काय चालले आहे याची त्यांना जाण असे आणि ती जाण आहे हे मुलांनाही ठाऊक असे. एक काम संपून दुसरे सुरू होताना त्यांच्या वर्गात खळ पडत नसे. एका मुलाची वही तपासताना उरलेल्या मुलांना काय करावे हे माहीत असे. १९७० साली कौनिन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शिक्षा कोणती करावी, या शोधातून निघालेला हा गृहस्थ, शिक्षेची वेळच कशी येऊ नये, या उत्तरापाशी पोहोचला.

यानंतरचा टप्पा अधिक विस्ताराने सांगण्याजोगा आहे, कारण त्याचे धागे आजवर येऊन पोहोचतात. १९६९ साली हॅरिएट बॅरिश, म्युरिएल सॉन्डर्स आणि माँट्रोझ वुल्फ या कॅन्सस विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी इयत्ता चौथीच्या एका वर्गातील खेळाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. वर्गात चोवीस मुले होती. त्यांपैकी सात जणांच्या तक्रारी मुख्याध्यापकांपर्यंत अनेकदा गेल्या होत्या. शिक्षिकेने वर्गाचे दोन गट पाडले आणि सांगितले की आता आपण एक खेळ खेळणार आहोत. खेळ म्हणजे वेगळे काही नव्हते, नेहमीचा गणिताचा तासच होता. परवानगीवाचून कोणी जागेवरून उठले अथवा बोलले तर त्या गटाच्या नावापुढे फळ्यावर एक खूण. तासाअखेर ज्या गटाच्या खुणा कमी तो विजयी. आणि दोन्ही गटांच्या खुणा पाचांच्या आत राहिल्या तर दोघेही विजयी. हे शेवटचे कलम महत्त्वाचे आहे. एकाचा लाभ म्हणजे दुसऱ्याची हानी, असा हा व्यवहार नव्हता.

बक्षीस काय होते? छातीवर लावण्याची विजयाची चिठ्ठी, तक्त्यावर नावापुढे चांदणी, जेवणाच्या रांगेत पहिला मान, आणि दिवसाच्या शेवटी अर्धा तास आवडीच्या कामासाठी. पैशाचा खर्च नाममात्र. ज्या गोष्टी शाळेत एरवीही होत्या, त्यांचाच मान केला गेला.

खेळापूर्वी गणिताच्या तासाला वर्गाचे ज्या ज्या वेळी निरीक्षण केले, त्यांतील सुमारे ९६ टक्के वेळा कोणी ना कोणी मध्येच बोलत असे आणि सुमारे ८२ टक्के वेळा कोणी ना कोणी जागेवरून उठलेले असे. खेळ सुरू झाल्यावर हे प्रमाण अनुक्रमे १९ व ९ टक्क्यांवर आले. याच मुलांच्या वाचनाच्या तासाला अद्याप खेळ नव्हता, तेथे गोंधळ पूर्वीसारखाच चालू होता. मग खेळ गणितातून काढून वाचनात आणला. वाचनाचा तास शांत झाला आणि गणिताचा पुन्हा बिघडला. म्हणजे मुले 'बिघडलेली' नव्हती आणि 'सुधारली'ही नव्हती. तीच मुले एका तासाला एक वागत होती व दुसऱ्या तासाला दुसरे. आपण ज्याला मुलाचा स्वभाव म्हणतो, त्याचा पुष्कळसा भाग त्या तासाचा स्वभाव असतो.

या वृत्तान्तात एक प्रसंग संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदवला आहे. दोन मुलांनी जाहीर केले की आम्ही खेळणार नाही. त्यांच्या खुणांनी सबंध गटाचे नुकसान होऊ लागले. शिक्षिकेने त्या दोघांचा स्वतंत्र गट केला, म्हणजे इतरांना त्यांच्यापायी भुर्दंड पडू नये. येथे थोडे थांबावेसे वाटते. गटाला मिळणाऱ्या फळासाठी एकाच मुलावर साऱ्यांनी डोळे वटारावेत, हा धोका या पद्धतीत आहेच. आणि ती वापरणाऱ्या शिक्षकाने त्या एका मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले नाही तर खेळाचा छळ होण्यास वेळ लागत नाही.

त्या काळात असे प्रयोग इतके झाले की त्यावर आक्षेपही आला. १९७२ साली विनेट आणि विंकलर या दोघा अभ्यासकांनी तोवर प्रसिद्ध झालेले वर्गवर्तनाचे प्रयोग एकत्र ठेवून एक सरळ प्रश्न विचारला. तुम्ही मुलांना शिकवीत आहात की केवळ हलू नका, बोलू नका, मुकाट बसा, एवढेच सांगत आहात? आदर्श मूल म्हणून जे चित्र या शोधनिबंधांतून उभे राहते, ते दिवसभर एका जागी खिळलेले, समोर पाहणारे, कोणाशी न बोलणारे मूल आहे. या आक्षेपाला उत्तरे दिली गेली, वाद झाला. पण प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता, आणि त्याच वर्षी आलेल्या एका निष्कर्षाने त्याला बळ दिले.

फेरिटर, बकहोल्ट, हँब्लिन आणि स्मिथ यांनी मुलांना लक्ष देण्याबद्दल बक्षीस देऊन पाहिले. मुले लक्ष देऊ लागली. पण त्यांनी सोडविलेल्या उदाहरणांचा दर्जा त्यामुळे वाढला नाही. मग अचूक कामाबद्दल बक्षीस दिले, तेव्हा काम सुधारले. म्हणजे वर्तन आणि विद्या ही एकाच वहीतील दोन निरनिराळी खाती निघाली. एका खात्यात जमा केलेली रक्कम दुसऱ्या खात्यात आपोआप चढत नव्हती. शांत वर्ग पाहून समाधान पावणारे मुख्याध्यापक, आणि टेबलाशी दोन तास हलला नाही म्हणून मुलावर खूश होणारे पालक, हे दोघेही चुकीचे खाते वाचत असतात.

उलट दिशेने मात्र काहीसे निराळे चित्र दिसले. १९७४ साली टिओडोरो आयलन व मायकेल रॉबर्ट्स यांनी पाचवीतील पाच अतिशय खोडकर मुले निवडली. त्यांच्या वागण्याला हातच लावला नाही. रोज वाचनाचा एक लहानसा पाठ, त्यावर लेखी प्रश्न, आणि बरोबर उत्तरांना गुण. त्या गुणांच्या बदल्यात काही सवलती. गडबड केली म्हणून काही कापायचे नाही, शांत बसला म्हणून काही द्यायचे नाही. वाचनातील अचूकता वाढत गेली आणि दंगा, कोणीही त्याचे नाव न काढता, जवळजवळ नाहीसा झाला. पाच मुले म्हणजे काही सारी दुनिया नव्हे. तरीही ज्याला वाचताच येत नाही अशा मुलाने वाचनाच्या तासाला करावे तरी काय, हा प्रश्न या प्रयोगानंतर टाळता येत नाही. पुस्तकातील ओळी ज्याला परक्या आहेत, त्याला शेजाऱ्याचे पेन्सिलचे टोक जवळचे वाटणे स्वाभाविकच आहे.

तर मग दोन्हीपैकी हाती काय घ्यावे? याचे मोठ्या प्रमाणावरील उत्तर बाल्टिमोर शहराने दिले. मेरीलँड राज्यातील या बंदराच्या शहरात १९८५-८६ या शालेय वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे शेपर्ड केलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सार्वजनिक शाळांच्या सहकार्याने एक प्रयोग आरंभिला. एकोणीस प्राथमिक शाळांतील इयत्ता पहिलीचे वर्ग त्यात होते. काही वर्गांत कॅन्ससचाच तो खेळ. काही वर्गांत बेंजामिन ब्लूम यांच्या विचारांवर आधारलेली प्रभुत्व-अध्ययनाची पद्धत, म्हणजे बहुसंख्य मुलांस एक घटक पक्का येईपर्यंत पुढे न जाण्याची. आणि काही वर्ग नेहमीसारखे, तुलनेसाठी.

येथील खेळ मूळ खेळाहून अधिक विचारपूर्वक योजलेला होता. गट पाडताना प्रत्येक गटात दंगेखोर, बुजरी आणि मधली अशी सर्व प्रकारची मुले सारख्या प्रमाणात यावीत, ही काळजी घेतली जाई. आरंभी खेळ आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी दहा मिनिटे, तोही आगाऊ सांगून. मग वेळ वाढत गेली. पुढे तर शिक्षिका न सांगताच खेळ सुरू करीत आणि मागाहून निकाल सांगत. आरंभी खोडरबरासारख्या वस्तू, पुढे केवळ चांदणी वा एखादी सवलत, आणि तीही तत्काळ न देता उशिरा. बाहेरचा आधार हळूहळू काढून घ्यायचा आणि मुलाचे वागणे त्याच्याच पायांवर उभे राहू द्यायचे, असा हा क्रम होता.

प्रथम काय दिसले? प्रत्येक उपायाने मुख्यतः आपापले काम केले. खेळाने आक्रमकपणा व बुजरेपणा कमी झाला. प्रभुत्व-अध्ययनाने वाचन सुधारले. दोन खाती दोनच राहिली.

पण त्याहून अंगावर काटा आणणारी नोंद दुसरीच आहे. या शाळांत मुलांची वाटणी निरनिराळ्या तुकड्यांत समतोल राखून केली होती. म्हणजे सर्व वांड मुले एकीकडे, असे मुद्दाम कोणी केलेले नव्हते. तरीही पहिल्या काही महिन्यांतच कोठे शांतता व कोठे अंदाधुंदी, असे तुकड्यांत फरक पडले. आणि जी मुले आरंभी काहीशी आक्रमक होती, ती जर अशा अंदाधुंद तुकडीत पडली तर पुढे माध्यमिक शाळेच्या वयातही त्यांच्यापैकी पुष्कळजण गंभीर स्वरूपात आक्रमक राहिले. तशाच स्वभावाची मुले शांत तुकडीत पडली, त्यांचे तसे झाले नाही. सहा वर्षांच्या मुलाची यात काय निवड होती? तुकडी 'अ' की तुकडी 'ब', एवढाच काय तो दैवयोग.

केलम यांच्या चमूने ही मुले सोडली नाहीत. एकोणीस ते एकवीस वर्षांची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. पहिलीत जी मुले सर्वांत आक्रमक होती आणि ज्यांना त्या एका-दोन वर्षांत खेळ मिळाला होता, त्यांच्यात तरुणपणी अमली पदार्थांचे व्यसन आणि समाजविघातक वर्तन यांचे प्रमाण तुलनेच्या वर्गांतील तशाच मुलांपेक्षा कमी आढळले. २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलींच्या बाबतीत असा ठळक फरक दिसला नाही. तसेच पुढील वर्षी, १९८६-८७ मध्ये, त्याच शिक्षकांनी दुसऱ्या तुकडीस खेळ शिकविला तेव्हा त्यांना पहिल्याइतके मार्गदर्शन व देखरेख मिळाली नाही, आणि परिणामही फिका पडला. चांगल्या योजनेला दुसऱ्या वर्षी कोणते दुखणे जडते, हे येथील विश्वस्त मंडळींस वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

यानंतर बाल्टिमोरमध्येच १९९३ साली निकोलस आयलोंगो आणि सहकाऱ्यांनी दुसरा प्रयोग केला. नऊ शाळा, पहिलीचे सत्तावीस वर्ग. या वेळी वर्तनाचा खेळ आणि वाचन-गणिताचा सुधारलेला अभ्यासक्रम एकाच वर्गात एकत्र दिला. दुसऱ्या काही वर्गांत पालक व शाळा यांच्यातील संपर्क वाढविण्यावर भर होता. तिसरे वर्ग नेहमीचे. ही मुले शालान्त वयाची झाल्यावर त्यांचे काय झाले, ते २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना पहिलीत दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या होत्या, त्यांचे शैक्षणिक चाचण्यांतील गुण अधिक होते, विशेष शिक्षणाची गरज कमी भासली होती, शालेय शिक्षण पूर्ण करून महाविद्यालयात जाणारे त्यांच्यात अधिक होते. इयत्ता पहिलीतील एका वर्षाचे हे फळ बारा वर्षांनंतर दिसले. दोन्ही खात्यांत एकाच वेळी भरणा केला, तेव्हा शिल्लक दिसली.

आता दुसरी बाजू. इंग्लंडमध्ये सत्याहत्तर प्राथमिक शाळांत याच खेळाची मोठी चाचणी झाली आणि २०१८ साली तिचा निकाल आला. वाचनात सरासरी काहीही फरक पडला नाही. अनेक शाळांत खेळ ठरल्याप्रमाणे खेळलाच गेला नव्हता. काहींनी तर मध्येच सोडून दिला होता. यावरून खेळ निरुपयोगी म्हणणारेही आहेत आणि शाळांनी कसूर केली म्हणणारेही आहेत. कॅन्ससच्या एका वर्गात जे घडले, ते साऱ्या देशात परिपत्रक काढून घडत नाही, इतके तरी मान्य करावे लागते. आणि खेळात वाचन शिकविलेलेच नव्हते, तर वाचन कसे सुधारावे?

बक्षिसांविषयीही एक सावधगिरी आवश्यक आहे, कारण आपल्या समाजात बक्षीस-समारंभ हा उत्साहाचा विषय असतो. १९७३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी ज्यांना चित्रे काढण्याची मुळातच आवड होती अशी लहान मुले निवडली. काहींना आधी सांगितले की चित्र काढलेस तर सोनेरी मोहोर व फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर तेच दिले. काहींना काहीच दिले नाही. काही दिवसांनी रंगीत पेने पुन्हा समोर ठेवली तेव्हा ज्यांना आधी आमिष दाखविले होते, ती मुले इतरांच्या निम्माच वेळ चित्रे काढीत होती. अकस्मात् मिळालेल्या प्रशस्तिपत्राने असे काही नुकसान केले नव्हते. ज्या मुलाला पाठशाळेत येणे आवडतेच, त्याला येण्याबद्दल दर रविवारी वस्तू कबूल करणाऱ्यांनी याचा विचार करावा. ज्याला अजून काही येत नाही, काही आवडत नाही, त्याच्या पहिल्या पायरीसाठी बक्षीस ठीक. बाल्टिमोरच्या शिक्षिका ते हळूहळू काढून घेत, ते याचसाठी.

राहिला शिक्षेचा प्रश्न. आपल्या देशात २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. छडी गेली, ते योग्यच झाले. पण तिची जागा पुष्कळ ठिकाणी जिभेने घेतली. साऱ्या वर्गासमोर नाव घेऊन उणेदुणे काढणे हे कायद्याच्या दुसऱ्या शब्दात मोडते, हे किती जणांच्या ध्यानात आले असेल?

या जिभेविषयीही एक प्रयोग आहे. १९७० साली न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक येथील विद्यापीठातले डॅनियल ओलिअरी आणि सहकारी पाच वर्गांत गेले व प्रत्येक वर्गातील सर्वांत दंगेखोर अशी दोन मुले त्यांनी निवडली. निरीक्षणात आढळले की शिक्षकांचे जवळपास सर्वच रागावणे मोठ्याने, सर्व वर्गाला ऐकू जाईल असे असते. संशोधकांनी एवढेच सुचविले की रागवा, पण केवळ त्या मुलाला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात. शब्द तेच ठेवले तरी चालेल. बहुतेक मुलांचा दंगा कमी झाला. मग पडताळा पाहण्यासाठी शिक्षकांना पुन्हा पूर्वीसारखे मोठ्याने बोलण्यास सांगितले, दंगा वाढला. पुन्हा हळू आवाज, पुन्हा उतरला.

हळू बोलायचे म्हटल्यावर शिक्षकाला टेबलामागून बोलता येत नाही. उठावे लागते, दोन बाकांच्या मधून चालत त्या मुलापर्यंत जावे लागते, त्याच्या वहीवर वाकावे लागते. तेथवर गेल्यावर त्याचे गणित कोठे अडले आहे, हेही दिसते. आणि उरलेल्या वर्गाला, कोणाला काय सांगितले गेले, याचा पत्ता लागत नाही.